'लम्पी' आणि 'गाठ' : रोगनामाचा इतिहास, जालना जिल्ह्याच्या संदर्भात

सारांश

'लम्प' हा इंग्रजीतील अगदी साधा, रोजच्या वापरातील शब्द आहे. २०२२ साली 'लम्पी' या रूपाने तो मराठवाड्यातील गोठ्यांत येऊन पोहोचला आणि गुरांच्या एका साथीचे नाव बनला. मराठीत त्याच अर्थाचा 'गाठ' हा जुना व समृद्ध शब्द उपलब्ध असताना असे का घडले, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे. त्यासाठी 'लम्प' व 'गाठ' या दोन शब्दांच्या अर्थव्याप्तीची तुलना केली असून, १८९६-९७ च्या प्लेगमध्ये आणि २०२२ च्या पशुसाथीत रोगाचे नामकरण कसे झाले हे पडताळून पाहिले आहे. रोगाचे नाव हे शासन आणि पशुपालक यांच्यातील एक प्रकारचा करार असते आणि त्या कराराची भाषा बदलली की निरीक्षणाचा अधिकारही काही अंशी हस्तांतरित होतो, असा या लेखाचा निष्कर्ष आहे.

बीजशब्द : गाठ, लम्पी, रोगनाम, प्लेग, पशुधन, जालना.

१. प्रस्तावना

साथीच्या रोगांचा इतिहास सामान्यतः मृत्यूंच्या आकड्यांतून, शासकीय आदेशांतून आणि वैद्यकीय शोधांतून लिहिला जातो. तो आवश्यकच आहे. परंतु साथ जेव्हा गावात शिरते तेव्हा प्रथम तिचे नाव शिरते. रोग दिसण्यापूर्वी तो ऐकू येतो. लोक त्याला काय म्हणतात, शासन काय म्हणते आणि या दोन नावांत अंतर किती, यावरून त्या समाजातील ज्ञानव्यवहार कसा चालतो याचे अनुमान करता येते. या दृष्टीने रोगनाम हे इतिहासाचे एक दुर्लक्षित साधन होय.

जालना हा १ मे १९८१ रोजी औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) व परभणी या जिल्ह्यांतून निर्माण झालेला जिल्हा आहे. जालना, बदनापूर, भोकरदन, जाफ्राबाद, अंबड, घनसावंगी, परतूर व मंठा असे त्याचे आठ तालुके आहेत. बियाणे उद्योग आणि लोखंडी सळईचे कारखाने यांमुळे जालना शहराचे नाव सर्वत्र झाले असले, तरी जिल्ह्याचा ग्रामीण भाग आजही कापूस, सोयाबीन, मोसंबी आणि बैलजोडी यांवर उभा आहे. अशा जिल्ह्यात गुरांच्या रोगाचे नाव ही केवळ भाषाशास्त्रीय बाब राहत नाही. ती पेरणीची, दुधाची आणि कर्जफेडीची बाब असते.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे तीन आहेत. पहिले, 'लम्प' या इंग्रजी शब्दाच्या अर्थांची मराठीत कशी विभागणी होते ते पाहणे. दुसरे, 'गाठ' या शब्दाचा रोगनाम म्हणून इतिहास तपासणे. तिसरे, 'लम्पी' हे नाव मराठीत रूढ होण्याची कारणे व त्याचे परिणाम यांचा विचार करणे.

२. एक इंग्रजी शब्द, अनेक मराठी शब्द

इंग्रजीत 'लम्प' हा शब्द मध्ययुगीन काळापासून आढळतो. त्याची व्युत्पत्ती निश्चित नाही. डॅनिश, डच आदी भाषांतील जड, ओबडधोबड वस्तूंच्या वाचक शब्दांशी त्याचे नाते जोडले जाते. ठरावीक आकार नसलेला घट्ट तुकडा, हा त्याचा मूळ अर्थ. मातीचा, कोळशाचा, साखरेचा, कणकेचा असा कोणताही तुकडा 'लम्प' असतो. शरीरावर आलेली सूज किंवा मांसात लागणारा कठीण भागही 'लम्प'च. दुःखाने कंठ दाटून येतो तेव्हा इंग्रज माणूस घशात 'लम्प' आला असे म्हणतो. हप्त्यांऐवजी एकदम दिलेल्या रकमेला 'लम्प सम' म्हणतात, आणि भिन्न गोष्टी भेद न करता एकत्र ढकलण्यासाठी याच शब्दाचे क्रियापद वापरतात. लोहखनिजाच्या व्यापारात मोठ्या तुकड्यांचा माल 'लम्प' आणि भुग्याचा माल 'फाईन्स' या नावाने विकला जातो. गोव्यातील खाणव्यवसायाशी संबंधित मराठी-कोकणी माणसाला हे दोन्ही शब्द परिचित आहेत.

मराठीत या सर्वांसाठी एक शब्द नाही. नांगरटीनंतर शेतात राहते ते ढेकूळ. गुळाची असते ती ढेप. कणकेचा गोळा, साखरेचा खडा, पिठल्यात किंवा रक्तात होते ती गुठळी. डोक्याला मार लागून येते ते टेंगूळ, पित्ताने अंगावर उठतात त्या गांधी, पू धरते ते गळू, वर्षानुवर्षे न दुखता वाढते ते आवाळू, आणि मांसात हाताला लागते ती गाठ. रक्कम एकरकमी असते आणि कंठ दाटून येतो. तेथे तर तुकड्याची कल्पनाच उरत नाही.

या यादीतून एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. इंग्रजी शब्द आकाराकडे पाहतो, तर मराठी शब्द पदार्थ, कारण आणि कृती यांकडे पाहतात. ढेकूळ फोडायचे असते, गुठळी मोडायची असते, गळू पिकू द्यायचे असते, टेंगूळ आपोआप बसते. गाठ मात्र काय आहे हे आधी पाहावे लागते. म्हणजेच या प्रत्येक शब्दात त्या वस्तूशी कसे वागावे याची सूचना दडलेली आहे. शेतकरी समाजाने हा शब्दसंग्रह कामाच्या गरजेतून घडविला आहे.

३. 'गाठ' या शब्दाची अर्थव्याप्ती

'गाठ' हा शब्द संस्कृत 'ग्रन्थि' वरून प्राकृत 'गंठि' या टप्प्याने मराठीत आला. मूळ धातूचा अर्थ गुंफणे, बांधणे असा आहे. ज्याला आपण 'ग्रंथ' म्हणतो तोही याच धातूचा वंशज होय. बांधणे हा अर्थ मराठीत पूर्णपणे जिवंत आहे. लग्नगाठ, निरगाठ, सुरगाठ, खूणगाठ, पदराची गाठ, गाठोडे, गंठण हे सर्व त्याच कुळातील. दोन माणसे भेटली की त्यांची गाठ पडते. वाटेतल्या माणसाला आपण गाठतो. अनुभव आणि पैसा हे दोन्ही गाठीशी असतात. गुढीपाडव्याला गुढीस बांधतात ती साखरेची गाठी.

दुसरा अर्थप्रवाह निसर्गतः घट्ट झालेल्या गोष्टींचा आहे. लाकडातील गाठ, तूर-हरभऱ्याच्या मुळांवरील नत्र साठविणाऱ्या गाठी आणि शरीरातील गाठ या त्यात मोडतात. पहिल्या प्रवाहात गाठ माणूस मारतो, दुसऱ्या प्रवाहात ती धरते किंवा येते. परंतु दोन्ही ठिकाणी काहीतरी आवळले गेले आहे, ही जाणीव समान आहे. इंग्रजी 'लम्प' मध्ये आवळण्याची ही छटा नाही.

जालना परिसरात या शब्दाला आणखी एक व्यापारी अर्थ आहे. जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यात सरकी काढून दाबलेल्या रुईची जी बांधणी तयार होते तीही 'गाठ'च. ब्रिटिश काळात मुंबई बाजारातील कापसाची गाठ ३९२ पौंडांची धरली जात असे. आज भारतात ती १७० किलोची धरतात. इसवी सन १९०० च्या सुमारास हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वेचा मनमाडपर्यंतचा मार्ग सुरू झाला आणि जालन्याचा कापूस थेट मुंबईच्या बाजाराशी जोडला गेला. तेव्हापासून कापूस उत्पादक पट्ट्यात हंगामाची भाषा गाठींतच बोलली जाते. यंदा किती लाख गाठी, हा प्रश्न वृत्तपत्रात वाचताना येथील वाचकाला स्पष्टीकरण लागत नाही. 'गाठ' हा शब्द येथे आधीच किती कामे करीत आहे, हे पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

४. १८९६-९७ : 'गाठीचा ताप'

रोगनाम म्हणून 'गाठ' या शब्दाचा सर्वांत भीषण वापर प्लेगच्या काळात झाला. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईतील मांडवी भागात डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग अधिनियम संमत झाला. पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या नेतृत्वाखालील प्लेग समितीने सैनिकांकरवी घरांच्या झडत्या घेतल्या. १० मार्च १८९७ रोजी प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचे त्याच रोगाने निधन झाले. २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या. हा इतिहास सर्वपरिचित आहे. येथे त्यातील नावांकडे लक्ष वेधायचे आहे.

इंग्रजीतील 'प्लेग' हा शब्द आघात या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आला आहे. त्याचे विशेषण 'ब्युबॉनिक' हे जांघ या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून आले आहे. सामान्य इंग्रज वाचकालाही या दोहोंवरून रोगाची खूण कळत नसे. मराठीत मात्र 'प्लेग' या उसन्या शब्दाबरोबरच 'गाठीचा ताप' हे लोकनाम आणि 'ग्रंथिक सन्निपात' हे पंडिती नाव प्रचारात आले. दोन्ही नावे रोगाची खूण सांगणारी होती. काख, जांघ किंवा मान येथे गाठ आली की घर हादरत असे. 'त्याला गाठ आली' एवढे वाक्य पुरेसे होते.

निजामाच्या राज्यात परिस्थिती आणखी वेगळी होती. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात होते आणि १८८४ पासून राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. उर्दूत प्लेगला 'ताऊन' हा अरबी शब्द आहे. पुढील काही वर्षांत साथ निजामाच्या राज्यातही पसरली. तेव्हा मराठवाड्यातील माणसाभोवती एकाच रोगाची तीन नावे होती. दरबारी नाव 'ताऊन', रेल्वेबरोबर आलेले इंग्रजी नाव 'प्लेग' आणि घरातील नाव 'गाठ'. पहिल्या दोन नावांनी आदेश निघत असत. तिसऱ्या नावाने आई मुलाची काख चाचपून पाहत असे.

परंतु या पारदर्शक नावाची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. 'गाठ' हा शब्द व्यापक असल्याने संशयही व्यापक झाला. पायाला जखम झाली तरी जांघेत अवधाण येते, दातदुखीने जबड्याखाली गाठ धरते. तपासणी पथकाच्या दृष्टीने मात्र प्रत्येक गाठ संशयित होती. स्त्री-पुरुषांच्या शरीराची उघड्यावर तपासणी झाली ती गाठीच्या शोधासाठी. विलगीकरण छावणीच्या भीतीने लोक रोगी लपवू लागले ते गाठ लपविण्यासाठी. एकाच शब्दाने घराला सावध केले आणि घराला भयभीतही केले.

५. गोठ्यातील रोगनामांची परंपरा

माणसांच्या रोगांबाबत जे दिसते, त्याहून अधिक ठळकपणे ते गुरांच्या रोगांबाबत दिसते. मराठीतील जुनी पशुरोगनामे पाहिली असता त्यांतील बरीचशी लक्षणांवरून पडली आहेत असे आढळते. तोंडातून लाळ गळते आणि खुरांत जखमा होतात तो लाळ्या-खुरकत. फऱ्यावर, म्हणजे मांडी-खांद्याच्या मांसल भागावर सूज येऊन जनावर लंगडते तो फऱ्या. त्यालाच एकटांग्या असेही म्हणतात. साधारण तीन दिवस टिकणारा ताप तो तिवा. घशाला सूज येऊन श्वास कोंडतो तो घटसर्प. मुलांना होणाऱ्या डिप्थेरियालाही मराठीत हेच नाव आहे, कारण पाहणाऱ्याच्या दृष्टीला दोन्ही ठिकाणी कोंडलेला गळाच दिसला.

या नावांना केवळ ग्रामीण शब्द म्हणून बाजूला सारणे योग्य ठरणार नाही. औपचारिक शिक्षण नसलेल्या गुराख्याला त्यांतून निदानाचा पहिला टप्पा मिळत असे. 'फऱ्या' हे नाव ज्याला ठाऊक आहे त्याला कोठे हात लावून पाहायचे हेही ठाऊक असते. विशेष म्हणजे आधुनिक पशुवैद्यकाने ही नावे टाकून दिली नाहीत. पशुसंवर्धन खात्याच्या लसीकरणाच्या सूचनांत आजही 'घटसर्प', 'फऱ्या', 'लाळ्या-खुरकत' हेच शब्द असतात. १८८९ मध्ये पुण्यात स्थापन होऊन १८९३ मध्ये मुक्तेश्वरला हलविलेल्या जीवाणुशास्त्रीय प्रयोगशाळेपासून भारतात गुरांच्या रोगांचे शास्त्रीय संशोधन सुरू झाले. त्या संशोधनाचा एक प्रमुख विषय असलेल्या रिंडरपेस्टला मराठी शेतकरी बुळकांडी म्हणत असे. २००६ मध्ये भारत आणि २०११ मध्ये सारे जग या रोगापासून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. बुळकांडी गेली, पण ती जाईपर्यंत शासन आणि शेतकरी तिला एकाच नावाने ओळखत होते.

६. २०२२ : 'लम्पी'चे आगमन

या परंपरेच्या पार्श्वभूमीवर 'लम्पी'कडे पाहावे लागते. हा रोग प्रथम १९२९ मध्ये उत्तर ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झांबियात, नोंदविला गेला. आरंभी तो विषारी वनस्पतीमुळे किंवा कीटकदंशामुळे होत असावा असे मानले गेले. १९४० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत मोठी साथ आल्यावर तो संसर्गजन्य असल्याचे सिद्ध झाले. तेथील डचवंशीय शेतकऱ्यांच्या आफ्रिकान्स भाषेत त्याला 'क्नॉपफेलसीक्टे' म्हणतात. गाठ, कातडी आणि रोग अशा तीन साध्या शब्दांचा हा समास आहे. इंग्रजी नावाची रचना तंतोतंत अशीच आहे. म्हणजे 'लम्पी स्किन डिसीज' हे मुळात 'लाळ्या-खुरकत' या जातीचे, गोठ्यात उभे राहून दिलेले नाव होय.

भारतात हा रोग प्रथम २०१९ मध्ये ओडिशात आढळला. महाराष्ट्रात २०२० मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील सिरोंचा भागात त्याची नोंद झाली. २०२२ ची मोठी साथ राज्यात ऑगस्टच्या आरंभी जळगाव जिल्ह्यातील रावेर तालुक्यातील चिनावल येथून सुरू झाली. जळगाव हा जालन्याच्या उत्तर सीमेवरील जिल्हा. वर्ष संपेपर्यंत जालन्यासह राज्यातील बहुतेक जिल्ह्यांत रोग पोहोचला होता. त्या वर्षी देशभरात दीड लाखांहून अधिक गुरे या रोगाने दगावली. २०१९ च्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रातील गोवंशाची संख्या सुमारे १ कोटी ४० लाख आहे. त्या सर्वांपर्यंत शेळ्यांच्या देवीची लस पोहोचविण्याची मोहीम शासनाने हाती घेतली. २००९ च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोगविषयक अधिनियमान्वये गुरांचे बाजार व वाहतूक यांवर निर्बंध आले. मृत दुधाळ गाईसाठी ३० हजार, बैलासाठी २५ हजार आणि वासरासाठी १६ हजार रुपये असे साहाय्य जाहीर झाले.

या सर्व व्यवहारात रोगाचे नाव 'लम्पी' असे होते. शासकीय मराठीत 'लम्पी चर्मरोग' अशी संमिश्र रचना झाली. त्यात कातडी आणि रोग यांचे भाषांतर झाले, परंतु ज्या शब्दात रोगाची खूण होती तोच नेमका भाषांतरावाचून राहिला. हिंदीत 'गांठदार त्वचा रोग' असे नाव शासकीय साहित्यात आले, तथापि बोलण्यात तेथेही 'लम्पी'च रुळला. गावच्या बोलीत तर 'चर्मरोग'ही गळून पडला आणि विशेषणाचे नाम झाले. लम्पी आला, लम्पीची लागण झाली, लम्पीने बैल गेला, अशी वाक्ये रूढ झाली. 'लम्पीग्रस्त' असा सामासिक शब्दही वृत्तपत्रांनी घडविला. त्याच वृत्तपत्रांत 'लम्पीमुळे जनावराच्या अंगावर गाठी येतात' असे वाक्य वारंवार छापले गेले. अर्थाच्या दृष्टीने पाहता हे वाक्य 'गाठींमुळे गाठी येतात' असे होते. ते कोणाला खटकले नाही, कारण 'लम्पी' या ध्वनीत मराठी कानाला गाठ ऐकूच येत नाही.

येथे १८९७ आणि २०२२ यांच्यातील उलटापालट स्पष्ट होते. प्लेगच्या वेळी इंग्रजी नाव अपारदर्शक होते आणि मराठी नाव खूण सांगणारे होते. लम्पीच्या वेळी इंग्रजी नाव खूण सांगणारे आहे आणि मराठीत रुळलेले नाव अपारदर्शक आहे.

७. नामांतर का झाले नाही?

याची काही कारणे संभवतात. पहिले कारण वेगाचे. जुनी पशुरोगनामे पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून घडली. लम्पी काही आठवड्यांत जिल्ह्याजिल्ह्यांत पसरला आणि त्याचे नाव मोबाईलवर त्याच्याही आधी पोहोचले. गोठ्यात पहिली गाठ उठण्यापूर्वीच नाव ठरलेले होते. दुसरे कारण नुकत्याच सरलेल्या काळाचे. २०२० पासून 'कोरोना', 'लॉकडाऊन', 'क्वारंटाईन' हे शब्द भाषांतराची वाट न पाहता गावोगाव रुळले होते. रोगाचे नाव बाहेरून येते आणि ते आहे तसे घ्यायचे असते, ही सवय तोपर्यंत जडली होती. तिसरे कारण आर्थिक. साहाय्य मिळण्यासाठी पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा अहवाल व पंचनामा लागत होता आणि त्या कागदावरील शब्द 'लम्पी' होता. ज्या शब्दाने भरपाई मिळते तो शब्द शेतकरी लगेच शिकतो, आणि त्यात त्याचा व्यवहारी शहाणपणा आहे.

चौथे कारण 'गाठ' या शब्दातच आहे, असे प्रस्तुत अभ्यासकास वाटते. जो शब्द लग्नाला, कापसाला, पदरच्या पैशाला आणि कर्करोगाच्या संशयालाही लागतो, त्याला एका विशिष्ट विषाणूचे नाव होणे अवघड जाते. नव्या रोगाला नवे, रिकामे नाव सोयीचे पडले.

या रिकाम्या नावाचा लाभही मान्य केला पाहिजे. गोचीड व माशी चावल्याने किंवा इतर त्वचारोगांनीही गुरांच्या अंगावर गाठी येतात. 'गाठीचा रोग' असे नाव पडले असते तर १८९७ प्रमाणे प्रत्येक गाठ संशयित ठरण्याचा धोका होता. 'लम्पी' या नावाने एक विशिष्ट रोग वेगळा काढला. परंतु त्याची किंमतही आहे. या रोगात अंगभर गाठी उठण्याच्या आधी ताप येतो, डोळ्या-नाकातून पाणी वाहते, दूध घटते, खांद्यापुढील लसिकाग्रंथी सुजतात, पायांवर व पोळीवर सूज येते. नाव कशाकडे बोट दाखवीत नसेल तर शेतकऱ्याची नजर बातमीतील छायाचित्राशी जनावर ताडून पाहते आणि छायाचित्रात असतात त्या पूर्ण उठलेल्या गाठी. तोपर्यंत विलगीकरणाचे मोलाचे दिवस निघून जाऊ शकतात. शिवाय अर्थ न कळणाऱ्या नावाभोवती अफवा लवकर जमतात. हा रोग माणसाला होत नाही, हे पशुसंवर्धन विभागाला पुनःपुन्हा सांगावे लागले, कारण दुधाविषयी शंका पसरली होती. ज्या कुटुंबाचा रोजचा खर्च दोन गाईंच्या दुधावर चालतो त्याच्या दृष्टीने ही शंका रोगाइतकीच महाग होती.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

पहिला, 'लम्प' या इंग्रजी शब्दाचा अर्थ मराठीत अनेक शब्दांत विभागला गेला असून ही विभागणी शेती व घरकाम यांतील कृतींशी निगडित आहे. मराठीत शब्द नव्हता म्हणून 'लम्पी' आला, असे म्हणता येत नाही.

दुसरा, पारदर्शक नाव नेहमी हितकारक आणि परके नाव नेहमी हानिकारक असते, असे इतिहास दाखवीत नाही. 'गाठ' या नावाने १८९७ मध्ये लोकांना सावधही केले आणि तपासणीच्या तोंडीही दिले. 'लम्पी' या नावाने २०२२ मध्ये रोग नेमका केला, पण त्याची खूण झाकली.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा, जुन्या पशुरोगनामांत निरीक्षण करणारा आणि नाव देणारा बहुधा एकच होता, तो म्हणजे पशुपालक. शासनाने व शास्त्राने त्याचे नाव स्वीकारले होते. 'लम्पी'च्या बाबतीत निरीक्षण गोठ्यात झाले आणि नाव कार्यालयातून आले. शब्दकोशात हा बदल एका नोंदीचा दिसेल. ज्ञानाच्या इतिहासात मात्र तो अधिकाराचा बदल आहे.

या संदर्भात महाविद्यालयांनी करण्यासारखे एक काम सुचवावेसे वाटते. २०२२ ची साथ ज्यांनी अनुभवली ते पशुपालक आज आपल्या भोवती आहेत. त्यांनी पहिली खूण कोणती पाहिली, तिला काय म्हटले, 'लम्पी' हा शब्द प्रथम कोठे ऐकला, घरगुती उपाय कोणत्या नावाने केले, हे सर्व आज विचारता येते. इतिहास, मराठी आणि प्राणिशास्त्र या विभागांच्या विद्यार्थ्यांनी मिळून तालुकावार असा मौखिक कोश तयार केला, तर तो इतिहासाचे साधन होईल आणि पुढील साथीत पशुवैद्यकांनाही उपयोगी पडेल. जिल्ह्यातील भोकरदन हे सातवाहनकालीन भोगवर्धन होय आणि 'गंठि' हा प्राकृत शब्द त्या काळच्या लोकभाषेचा. अशा दीर्घ भाषिक वारशाच्या प्रदेशात एका साथीचे शब्द नोंदवून ठेवणे, हे काही फार मोठे काम नाही. मात्र ज्या पिढीने ते शब्द वापरले ती आहे तोपर्यंतच ते करता येण्यासारखे आहे.